झिंक पॉटमध्ये अॅल्युमिनियम सेन्सर टाकताना: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

गेल्या पावसात एकाच आठवड्यात मला तीन फोन आले. तिघंही आपल्याच डिचोली-सत्तरीकडची पोरं, आयटीआय करून गोव्याबाहेर कंटिन्युअस गॅल्वनायझिंग लाइनवर (पोलादी शीट वितळलेल्या झिंकच्या पॉटमधून सलग नेऊन कोटिंग करतात तिथे) लागलेली, आणि तिघांचा प्रश्न जवळपास एकच होता. "दादा, पॉटमधला अॅल्युमिनियम सेन्सर ०.१३ टक्के दाखवतोय आणि लॅब ०.१६ म्हणते, खरं कुणाचं धरू?" त्यातल्या एकाने तर लॅबचा आकडा खरा धरून सेन्सरची सेटिंग बदलून टाकली होती, म्हणजे बरोबर चाललेलं यंत्र स्वतःच्या हाताने चुकीचं केलं.

मी स्वतः चौदा वर्षं अशा लाइनवर काढली, आता घरी परत आलोय, पण हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवतो. सेन्सर सहसा खराब नसतो, क्रम चुकलेला असतो.

१. पहिलं हे समजून घ्या: सेन्सर काय मोजतो आणि काय मोजत नाही

वितळलेल्या झिंकमध्ये अॅल्युमिनियम दोन रूपात असतो. एक, झिंकमध्ये पूर्ण विरघळलेला. दोन, लोखंडाबरोबर चिकटून बारीक कण झालेला, ज्याला आपण ड्रॉस म्हणतो. शीटवर पातळ अडसर-थर (लोखंड आणि झिंकला एकमेकांत मिसळू न देणारा) तयार करायचं काम फक्त विरघळलेला अॅल्युमिनियम करतो, लाइनवर त्यालाच इफेक्टिव्ह अॅल्युमिनियम म्हणतात. ड्रॉसमध्ये अडकलेला अॅल्युमिनियम पॉटमध्ये असून नसल्यासारखा.

सेन्सरला फक्त विरघळलेला दिसतो. लॅबमध्ये सॅम्पल ऍसिडमध्ये विरघळवून आयसीपीवर (धातूंचं प्रमाण मोजणारं यंत्र) लावलं की कणांसकट सगळा, म्हणजे टोटल दिसतो. त्यामुळे लॅबचा आकडा सेन्सरपेक्षा थोडा जास्त येणारच, दोन्ही अगदी सारखे आले तर उलट मला शंका येते.

फरक किती असावा याचा अंदाज काढता येतो. वर तरंगणाऱ्या ड्रॉसच्या कणात लोखंडाचे २ अणू आणि अॅल्युमिनियमचे ५ असं प्रमाण असतं, वजनात धरलं तर १ भाग लोखंडाला साधारण १.२ भाग अॅल्युमिनियम. समजा सॅम्पलमध्ये विरघळण्याच्या मर्यादेपेक्षा ०.०२ टक्के लोखंड जास्त निघालं, तर त्याच्याबरोबर ०.०२४ टक्के अॅल्युमिनियम अडकलेला आहे. वरच्या फोनमधल्या ०.०३ च्या फरकातला बराचसा भाग इथेच सापडला. म्हणून लॅबला नुसता अॅल्युमिनियम मागू नका, लोखंड पण मागा.

हे इतकं महत्त्वाचं का, तर साध्या जीआय मालाला (नुसत्या झिंकच्या कोटिंगचा) इफेक्टिव्ह अॅल्युमिनियम साधारण ०.१६ ते ०.२० टक्के लागतो आणि गॅल्वनीलला (कोटिंग नंतर तापवून लोखंडाशी मिसळवलेलं, म्हणजे अलॉयिंग केलेलं) ०.१२ ते ०.१४. जीआय चालू असताना खाली घसरलात तर कोटिंग वाकवल्यावर सुटतं, गॅल्वनीलमध्ये वर गेलात तर अलॉयिंग वेळेत होत नाही आणि खाली गेलात तर प्रेसमध्ये पावडर झडते. पट्टा इतका अरुंद आहे.

२. मिलिव्होल्टची दिशा उलटी असते

सेन्सर म्हणजे एक छोटी बॅटरी. एका बाजूला शुद्ध अॅल्युमिनियम, मध्ये क्लोराइड सॉल्टचं किंवा सिरॅमिकचं इलेक्ट्रोलाइट, दुसऱ्या बाजूला तुमचं बाथ, म्हणजे पॉटमधलं वितळलेलं झिंक. दोन्ही बाजूच्या अॅल्युमिनियममध्ये जितका फरक, तितके मिलिव्होल्ट. म्हणजे बाथमध्ये अॅल्युमिनियम कमी झाला की मिलिव्होल्ट वाढतात, आणि बाथमध्ये वाढला की मिलिव्होल्ट उतरतात. नवीन पोरगा स्क्रीनवर आकडा चढताना बघतो आणि सांगतो अॅल्युमिनियम वाढला, अॅल्युमिनियम वाढवायला टाकतात तो पुढचा बार थांबवा. नेमकं उलटं. शिफ्टच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: एमव्ही (मिलिव्होल्ट) वर, अॅल्युमिनियम खाली.

आणि फरक किती बारीक असतो ते पण बघा. ४६० डिग्रीला अॅल्युमिनियम दहापट झाला तरी फक्त ४८.५ मिलिव्होल्टचा फरक पडतो. ०.१२ वरून ०.१४ ला गेलात तर जेमतेम ३.२ मिलिव्होल्ट. १ मिलिव्होल्टची चूक म्हणजे आकड्यात साधारण ५ टक्क्यांची चूक, ०.१३ वर असाल तर ०.००६ ची. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका मिलिव्होल्टसाठी आहेत.

३. आदल्या दिवशीची तयारी

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं, कपाटातल्या चपलांना पण बुरशी येते, आणि सेन्सरमधलं क्लोराइड सॉल्ट तर हवेतला ओलावा ओढूनच घेतं. सीलबंद पाकीट वापरायच्या वेळीच फोडा. उघडलेला सेन्सर हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा आणि जेलचा रंग बदलला की जेल बदला, रंग बदललेलं जेल डब्यात ठेवून उपयोग शून्य.

मग वायरिंग. इथे मी स्वतः मार खाल्लाय. एका जुलैत आमच्या पॉटवरचं रीडिंग दोन दिवस २ मिलिव्होल्ट इकडे तिकडे होत होतं, सेन्सर बदलला, ट्रान्समीटर (मिलिव्होल्टवरून टक्का काढून दाखवणारा डबा) बदलला, काही फरक नाही. शेवटी कनेक्टर उघडला तर आत पितळेच्या पिनवर हिरवट थर, आणि रबर सील कुणीतरी उलटं बसवलेलं. सँडपेपरच्या दोन घाशांचं काम होतं आणि आम्ही दोन दिवस बार टाकणं वरखाली करत बसलो होतो. तेव्हापासून मी कनेक्टर उघडून डोळ्याने बघितल्याशिवाय सेन्सर लावत नाही.

वायरबद्दल अजून दोन गोष्टी. सेन्सरच्या दोन्ही लीड एकाच धातूच्या ठेवा. वेगवेगळ्या धातूंचा जोड गरम जागी आला की तो जोड स्वतःच व्होल्टेज देतो आणि ते तुमच्या रीडिंगमध्ये मिसळतं. थर्मोकपलला (तापमान मोजणारा) मात्र त्याचीच कॉम्पेन्सेटिंग केबल पाहिजे, के टाइप असेल तर के ची. साधी तांब्याची वायर जोडून वाढवली तर हेडपाशी ६५ डिग्री आणि एसी पॅनल रूममध्ये २५ डिग्री असताना तापमान जवळपास ४० डिग्री कमी दिसतं, आणि ट्रान्समीटर त्या खोट्या तापमानावर टक्केवारी काढत बसतो.

मीटर किंवा ट्रान्समीटरचा इनपुट इम्पिडन्स जास्त पाहिजे, निदान १० मेगाओहम. कमी असला तर मीटर स्वतःच सेन्सरमधून करंट ओढतो. इनपुट आयसोलेटेड पण पाहिजे, कारण पॉटला इंडक्टर (विजेवर झिंक गरम ठेवणारा) असतो, बाथ अर्थला लागलेलं असतं आणि मेन्सचा गोंगाट सरळ आत येतो.

तपासा: सेन्सर न लावता दोन्ही लीड एकत्र शॉर्ट करा. ट्रान्समीटरने शून्य दाखवलं पाहिजे. ०.३ मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मी पुढे जात नाही, आधी वायरिंग शोधतो.

४. पॉट तयार आहे का?

सेन्सर बरोबर असून रीडिंग चुकतं ते इथे. पॉट दिसतो एक पण सगळीकडे सारखा नसतो.

इनगॉट (झिंकची लादी) टाकला की आजूबाजूचं झिंक थंड होतं, थंड झिंकमध्ये लोखंड कमी विरघळतं, जास्तीचं लोखंड अॅल्युमिनियमला घेऊन ड्रॉस बनतं, म्हणजे तेवढ्या भागात इफेक्टिव्ह अॅल्युमिनियम खरोखरच कमी होतो. सेन्सर खरंच सांगतोय, पण त्या कोपऱ्याबद्दल. आणि इनगॉट अॅल्युमिनियम असलेला असेल तर त्याच्या जवळ काही वेळ उलटं, जास्त दिसेल.

जागा अशी निवडा की इनगॉटपासून लांब असेल, इंडक्टरच्या तोंडासमोर नसेल आणि कोपऱ्यात पण नसेल जिथे झिंक हलतच नाही. खोली २०० ते ३०० मिलिमीटर. एकदा ठरवली की होल्डरला खूण करा आणि दर शिफ्टला तीच जागा, तीच खोली. जागा बदलत राहिलात तर शिफ्टचे आकडे एकमेकांशी लावून बघण्यात अर्थ उरत नाही.

बुडवायच्या आधी तेवढ्या भागातला वरचा ड्रॉस आणि राख बाजूला सारा. जीआयला ड्रॉस हलका असतो, वर तरंगतो, आणि सेन्सर त्यातून खाली घातला की टोकावर लगदा बसतो. मग तो लगद्याचंच रीडिंग देत बसतो.

तपासा: हातातल्या थर्मोकपलने त्याच जागी तापमान घ्या. पॅनलशी ३ डिग्रीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी तो सोडवा.

५. सुकवणं, गरम करणं, मग बुडवणं

इथे घाई केली तर नुसतं रीडिंग चुकत नाही, माणूस भाजतो.

सांभाळून: ओला सेन्सर, ओला होल्डर, ओला चमचा, काहीही ओलं ४६० डिग्रीच्या झिंकमध्ये गेलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि झिंक वर उसळतं. पावसात शेडमध्ये नुसता उभा ठेवलेला होल्डर सुद्धा ओला असतो, हाताला लागत नाही पण असतो. फेस शील्ड, अॅल्युमिनाइज्ड एप्रन, चामड्याचे ग्लोव्हज, बुटावर गेटर, आणि आत सुती कपडे. पॉलिस्टर नको, ते वितळून अंगाला चिकटतं.

होल्डर आणि सगळी हत्यारं ओव्हनमध्ये १२० डिग्रीच्या वर चांगली सुकवून घ्या. मग सेन्सर होल्डरला लावून बाथच्या वर एक वीतभर अंतरावर धरा, स्टँडवर, हातात नाही. मी १० मिनिटं धरतो, तुमच्या सेन्सरच्या कागदावर जास्त लिहिलं असेल तर तेवढं. त्यानंतर सावकाश खाली. सिरॅमिक ट्यूब असेल तर एकदम बुडवल्यावर तडकते आणि तडा इतका बारीक असतो की दिसत नाही, फक्त रीडिंग थोडं थोडं उतरत राहतं आणि माणूस समजतो अॅल्युमिनियम वाढतोय.

६. थांबा

बुडवल्या बुडवल्या जो आकडा येतो तो लिहू नका. आधी तापमान बसतं, मग आतलं सॉल्ट वितळून बसतं, मग मिलिव्होल्ट. माझा नियम असा की दर १५ सेकंदाला एक असे लागोपाठ पाच आकडे ०.२ मिलिव्होल्टच्या आत आले तरच तो आकडा धरायचा. कधी सात मिनिटं लागतात, कधी वीस. शिफ्ट बदलायच्या वेळी हे काम काढूच नका, घरी जायची घाई असलेला माणूस तिसऱ्या मिनिटालाच लिहून मोकळा होतो.

आकडा बसतच नसेल तर लगेच सेन्सरला दोष देऊ नका. इनगॉट उतरतोय का, लाइनचा स्पीड बदलला का, इंडक्टरची पॉवर वरखाली होतेय का, ते आधी बघा.

७. सॅम्पल त्याच वेळी, त्याच जागी

सकाळचं सेन्सर रीडिंग आणि दुपारचं लॅब सॅम्पल एकमेकांसमोर ठेवून भांडण्यात काही हशील नाही. आकडा स्थिर झाला की त्याच मिनिटाला, सेन्सरच्या शेजारून, त्याच खोलीवरून सॅम्पल घ्या. चमचा सुकलेला आणि गरम केलेला पाहिजे. वरचा ड्रॉस चमच्यात येऊ देऊ नका. गॅल्वनील चालू असेल तर उलट तळाशी जास्त जपा, कारण कमी अॅल्युमिनियममध्ये तयार होणारा ड्रॉस जड असतो आणि खाली बसतो.

चमच्यातलं झिंक तांब्याच्या मोल्डमध्ये ओता म्हणजे पटकन गोठेल. सावकाश गोठलं तर अॅल्युमिनियम आणि लोखंड एका ठिकाणी जमतात आणि स्पार्कवर (ठिणगी पाडून धातू तपासणारं लॅबचं यंत्र) तीन ठिकाणी तीन आकडे येतात. गोठलेल्या सॅम्पलवर, म्हणजे बटनवर, वेळ, तापमान आणि सेन्सरचे मिलिव्होल्ट लिहा. नुसतं "पॉट १, सकाळ" लिहिलेलं बटन मी लॅबमधून परत पाठवायचो, राग यायचा लोकांना, पण त्या बटनाचा खरंच काही उपयोग नसतो.

८. मिलिव्होल्टवरून टक्का

सॅम्पलच्या टोटलमधून अडकलेला अॅल्युमिनियम वजा करून जो इफेक्टिव्ह आकडा निघाला तो सेन्सरच्या त्या वेळच्या मिलिव्होल्टशी बांधा. तो तुमचा आधार. समजा ०.१३५ ला ८८.० मिलिव्होल्ट होते, आणि आता त्याच ४६० डिग्रीला ८५.५ दिसतात. मिलिव्होल्ट २.५ ने उतरले, म्हणजे अॅल्युमिनियम वाढला. प्रत्येक मिलिव्होल्टला सुमारे ५ टक्के, म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या आसपास, आणि उत्तर ०.१५२. ट्रान्समीटर हे स्वतः करतो, पण एकदा हाताने करून बघा म्हणजे स्क्रीन काय दाखवतेय ते कळेल.

फक्त एका बिंदूवर सेन्सर बसवून विश्वास ठेवू नका. गॅल्वनीलवरून जीआयला जाताना आयतीच संधी असते. ०.१२ ला एक रीडिंग, ०.२० ला दुसरं, दोघांत ४६० डिग्रीला १०.७ मिलिव्होल्टच्या आसपास फरक आला पाहिजे.

तपासा: फरक बरोबर पण दोन्ही आकडे सारखेच सरकलेले असतील तर ऑफसेट बदला, हरकत नाही. फरकच ७ मिलिव्होल्ट येत असेल तर सेटिंग करून तो आकडा ओढूनताणून बसवू नका, सेन्सर संपलाय किंवा कुठेतरी करंट गळतोय. स्लोप (किती मिलिव्होल्टला किती टक्का ते प्रमाण) बदलून मेलेला सेन्सर चालवलेला मी दोन ठिकाणी पाहिलाय, आणि दोन्हीकडे कस्टमरकडून कॉइल परत आल्यावरच कळलं.

९. आता बार टाका, पण हिशेबाने

२०० टनांच्या पॉटमध्ये अॅल्युमिनियम ०.०१ ने वाढवायचा तर २० किलो शुद्ध अॅल्युमिनियम लागतो, म्हणजे १० टक्क्यांचा ब्रायटनर बार (१० टक्के अॅल्युमिनियम मिसळलेलं झिंक) २०० किलो. एवढं एकदम टाकू नका. अर्धं टाका, झिंक फिरू द्या, परत त्याच जागी बघा. शीट जाताना कोटिंगमधून अॅल्युमिनियम सतत घेऊन जाते आणि बाथमधल्यापेक्षा जास्त प्रमाणात घेऊन जाते, त्यामुळे लाइन चालू असताना थोडा थोडा बार लागतच राहतो, त्याला सेन्सरची चूक समजू नका. एका रीडिंगवर बार टाकायचा, पुढच्या रीडिंगवर थांबवायचा, असं केलंत तर दिवसभर पॉट झोके घेत राहतो. लागोपाठ दोन स्थिर रीडिंग एकाच बाजूला गेली तरच हात लावा.

१०. बाहेर काढताना आणि वही

सावकाश वर काढा, टोकावरचं झिंक पॉटवरच निथळू द्या, आणि थंड करायला पाण्याजवळ पण नेऊ नका. टोक ठोकून साफ करू नका. वहीत एवढं पाहिजेच: वेळ, जागा, तापमान, मिलिव्होल्ट, शेवटचा इनगॉट कधी टाकला, सॅम्पल नंबर, आणि सेन्सर आजवर किती वेळा बुडवला. शेवटचा रकाना सगळे विसरतात आणि तोच सगळ्यात जास्त कामाला येतो.

चवथीनंतरचं पहिलं रीडिंग

हे आपल्या लोकांना मुद्दाम सांगतो. चवथीला चार-पाच दिवस लाइन बंद ठेवली तरी पॉट विझवत नाहीत, फक्त कमी तापमानावर धरून ठेवतात. परत आल्यावर तापमान ४६० दिसतं आणि उत्साहात लगेच रीडिंग घेतलं जातं. पण एवढे दिवस झिंक हललेलं नसतं, वर तरंगणारा ड्रॉस वर आणि जड असेल तो तळाला जमलेला असतो, आणि थंड असताना बाहेर पडलेले लोखंड-अॅल्युमिनियमचे कण परत विरघळायला वेळ घेतात. इफेक्टिव्ह कमी दिसतो, माणूस बार टाकतो, आणि चार तासांनी कण विरघळले की आकडा वर उडतो. तापमान आल्यावर पूर्ण एक शिफ्ट पॉट फिरू द्या, स्किमिंग करा, डमी शीट चालवा, मगच सेन्सर. मधल्या वेळात मोदक खा, घाई नाही.

आपल्या इथल्या केटलवाल्यांसाठी

वेर्णा, कुंडई, पिसुर्लेसारख्या इस्टेटीत फॅब्रिकेशन करणारे, किंवा खांब, जाळी, ग्रिल केटलमध्ये (वितळलेल्या झिंकची लोखंडी टाकी) बुडवून घेणारे पण विचारतात की आम्ही हा सेन्सर घ्यावा का. बॅच केटलमध्ये, म्हणजे एकेक घाणा बुडवतात तिथे, अॅल्युमिनियम साधारण ०.००५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, फक्त चमक यावी म्हणून, आणि फ्लक्समधला (बुडवण्याआधी मालाला लावतात ते रसायन) क्लोराइड तो सतत खातो. इतक्या कमी आकड्यावर, राखेने भरलेल्या बाथमध्ये, सेन्सरचं रीडिंग माझ्या मते भरवशाचं नाही. तिथे आठवड्याला नीट घेतलेलं सॅम्पल स्पार्कवर लावा, अॅल्युमिनियम, लोखंड, शिसं आणि निकेल टाकत असाल तर निकेल बघा, आणि वाचलेले पैसे चांगल्या थर्मोकपलवर घाला. बॅच केटल सहसा ४५० च्या आसपास चालते आणि ४८० च्या पुढे गेली की झिंक केटलचं लोखंड झपाट्याने खायला लागतं, तिथे खरी पहारेदारी तापमानाची पाहिजे. सॅम्पल घेण्याची पद्धत मात्र वरची सातवी पायरी जशीच्या तशी, तांब्याच्या मोल्डसकट.